हवा किती? दार उघडा, वाचा

या सदराकडे इंजिन, क्लच, ब्रेक अशा सगळ्यांबद्दल प्रश्न येतात. पण ऊन तापायला लागलं की एकच प्रश्न फिरून फिरून येतो : टायरमध्ये हवा किती मारायची? त्यात आता मुंबई-बेंगळुरूहून सेकंडहँड स्पोर्ट्‌स गाड्या आणायचा नाद आपल्या कोल्हापुरात वाढलाय. गाडी पाऊण कोटीची, आणि हवा मारताना मालक काच खाली करून सांगतो, ‘मार की पस्तीस!’ म्हणून या वेळी बाकीचे प्रश्न बाजूला ठेवलेत.

प्रश्न : दोन दारांची जर्मन गाडी सेकंडहँड घेतली. टायरच्या कडेला ‘मॅक्स ५० पीएसआय’ लिहिलंय. दुकानदाराने ४५ मारली, म्हणाला मार्जिन ठेवलंय. बरोबर आहे का? (इचलकरंजी)

चूक आहे. पीएसआय म्हणजे दर चौरस इंचावर किती पौंड दाब, ते मोजायचं माप. तो आकडा टायर कंपनीचा, टायरला जास्तीत जास्त किती सोसेल एवढंच सांगणारा. तुमच्या गाडीला किती हवी, हे गाडी बनवणारा ठरवतो. ड्रायव्हरचं दार उघडलं की चौकटीच्या खांबावर स्टिकर दिसेल, काही गाड्यांत पेट्रोलच्या झाकणाच्या आत असतो. त्यावर बहुधा दोन आकडे असतात, एक दोन माणसांसाठी आणि एक भरल्या गाडीसाठी. ४५ ने टायर मधोमधच टेकतो, मधोमधच झिजतो, ब्रेक मारल्यावर गाडी थांबायला जास्त जागा लागते आणि खड्ड्याचा मार थेट रिमवर जातो.

आणखी एक बघा. टायरवरचा साइज आणि स्टिकरवरचा साइज जुळतो का? आधीच्या मालकाने हौसेनं मोठ्या रिमा घातल्या असतील तर स्टिकरचा आकडाही डोळे झाकून धरू नका. चॅसिस नंबर घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारा.

प्रश्न : स्टिकरवर पुढे ३३, मागे ३९ आहे. इंजिन मागे आहे. पंपावरचा मुलगा म्हणाला, ‘साहेब, चारी चाकांत सारखी ठेवा, गाडी सरळ पळते.’ ३५ करून टाकली. चालेल? (राजारामपुरी)

नाही चालणार. पुढचा-मागचा फरक ही छपाईची चूक नाही, तो गाडीच्या रचनेचा भाग आहे. वजन मागे आहे, मागचा टायर रुंद आहे, म्हणून तिथं हवा जास्त. १९५९ च्या शेवटी अमेरिकेत शेवरोलेची कॉर्व्हेर आली, तिचंही इंजिन मागे. कंपनीने पुढे १५ आणि मागे २६ पीएसआय सांगितली होती. अनेक मालकांना आणि पंपवाल्यांना त्याचा पत्ताच नसायचा, चारी चाकांत सारखी हवा जायची आणि वळणावर मागची बाजू सुटायची. पुढे त्या गाडीवर अमेरिकेत केवढं रान उठलं! तुमच्या गाडीत आज इलेक्ट्रॉनिक मदत आहे हे खरं, पण तिलाही टायरच्याच जोरावर काम करावं लागतं. आजच्या आज स्टिकरप्रमाणे करून घ्या.

प्रश्न : नायट्रोजन भरावा का? (शाहूपुरी)

भरलात तर नुकसान नाही, हवेपेक्षा थोडा सावकाश कमी होतो आणि कोरडा असतो. पण साध्या हवेत आधीच ७८ टक्के नायट्रोजन आहे, आणि गरम झाला की त्याचाही दाब वाढतोच. ‘नायट्रोजन मारलाय, आता सहा महिने बघायला नको’ असं सांगणाऱ्याच्या दुकानात पुन्हा जाऊ नका.

प्रश्न : दर मे महिन्यात बेंगळुरूला जातो. बाबा म्हणतात, उन्हाळ्यात हवा पसरते, म्हणून चार-पाच पीएसआय कमीच ठेवायची, नाहीतर टायर फुटतो. मागच्या वेळी धारवाडजवळ थांबून मीटर लावला तर ३३ ऐवजी ३८ दाखवत होता. मी लगेच पाच सोडले. बरोबर केलं ना? (कागल)

नाही केलंत. बाबांबद्दल पूर्ण आदर ठेवून सांगतो, ही समजूत मला दर उन्हाळ्यात भेटते आणि दर उन्हाळ्यात माझं डोकं फिरवते.

स्टिकरवरचा आकडा थंड टायरचा असतो. थंड म्हणजे गाडी किमान तीन तास उभी, किंवा जेमतेम दीड-दोन किलोमीटर हळू चाललेली. टायर धावला की तापतो, आतली हवा तापते. आपल्या दाबाच्या हिशेबात तापमानाच्या दर १० अंश सेल्सिअसला साधारण दीड पीएसआय वाढतो. म्हणजे सकाळी ३३ भरून निघालेली गाडी दुपारी ३८ दाखवणार, हे बनवणाऱ्याने आधीच धरलेलं आहे. चांगल्या टायरला ती वाढ काहीच नाही, वरच्या वाचकाचा टायर ५० सोसणारा आहे, आठवा. तुम्ही पाच सोडलेत, म्हणजे टायर पुन्हा थंड झाल्यावर त्यात २८-२९ च उरली. आणि हे कमी हवेचं ओझं घेऊन तुम्ही पुढं बेंगळुरूपर्यंत गेलात.

आता टायर नेमका कशानं फुटतो ते बघा. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यात जास्त वाकते आणि पुन्हा सरळ होते. टायरचा घेर साधारण दोन मीटर. ताशी १२० ने तो मिनिटाला हजारदा फिरतो, म्हणजे हजारदा वाकतो. लोखंडी तार पुढं-मागं वाकवत राहिलात तर ती हाताला चटका देते आणि शेवटी तुटते, तेच इथं घडतं. रबर आतून तापतं, रबर आणि पोलादी पट्ट्यांमधली पकड सुटते, आणि मग टायर जातो. लोक म्हणतात उन्हानं फुटला. ऊन भर घालतं, पण मूळ कारण बहुतेक वेळा कमी हवा, जास्त वजन, जास्त वेग किंवा म्हातारा टायर. यातली दोन एकत्र आली की संपलं.

पुरावा हवा असेल तर अमेरिकेतलं फोर्ड एक्सप्लोररचं प्रकरण बघा. गाडीला फोर्डने २६ पीएसआय सांगितली होती. फायरस्टोनच्या टायरचा वरचा थर सुटून गाड्या उलटायला लागल्या. २००० च्या ऑगस्टमध्ये लाखो टायर परत बोलवावे लागले. दोष टायरचा की कमी हवेचा, यावर दोन्ही कंपन्या भांडत राहिल्या, फायरस्टोनचं म्हणणं ३० ठेवा असं होतं. त्याच वर्षी तिथं कायदा झाला आणि त्यातून हवा कमी झाली की डॅशबोर्डवर लागणारा दिवा सक्तीचा झाला. तो दिवाही फार उशिरा लागतो. तिथल्या नियमाप्रमाणे पंचवीस टक्के हवा गेल्यावर, म्हणजे ३३ च्या गाडीत २५ ला आल्यावर. ‘दिवा लागला नाही, म्हणजे हवा बरोबर’ असं म्हणणारे गडी मला रोज भेटतात.

तुम्ही एवढंच करा. पहाटे घरातून निघण्याआधी, टायर थंड असताना, स्वतःच्या गेजनं बघा. चार माणसं आणि सामान असेल तर स्टिकरवरचा भरल्या गाडीचा आकडा घ्या. वाटेत गरम टायरची हवा सोडू नका. एखादाच टायर बाकीच्यांपेक्षा फार वेगळा दाखवत असेल तर मात्र पुढं जाऊ नका, पंक्चरवाल्याकडं टायर उतरवून आतून बघून घ्या. आणि कमी हवेवर धावलेले ते चारही टायर आता एकदा उतरवून तपासून घ्याच. आतल्या बाजूला काळी भुकटी किंवा सुरकुत्यांचा पट्टा दिसला तर टायर बदला, दुकानदार ‘चालतंय की’ म्हणाला तरी.

प्रश्न : जुलैत गगनबावड्याला जाताना ग्रीपसाठी हवा थोडी कमी केली तर? (फुलेवाडी)

उलटं होईल. साठलेल्या पाण्यावर टायर कधी तरंगतो याचं नासाच्या संशोधकांनी १९६० च्या दशकात एक ढोबळ सूत्र काढलं. त्याप्रमाणे ३२ पीएसआयला तो वेग ताशी साधारण ९४ किलोमीटर येतो, २४ ला ८२. सूत्र विमानाच्या टायरवरून आलेलं आहे, आणि रुंद किंवा झिजलेला टायर याच्याही आधी तरंगतो. टायरवरच्या नक्षीची खोली कायद्याने किमान १.६ मिलिमीटर हवी, पण घाटात पावसात जाणाऱ्याने तिथवर थांबू नये.

प्रश्न : कोल्हापुरात ३३ भरली, पणजीत सकाळी ३२ दाखवली. गळती? (रुईकर कॉलनी)

बहुधा नाही. आपण समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास आहोत. खाली उतरलं की बाहेरचा दाब वाढतो आणि गेज जवळपास एक पीएसआय कमी दाखवतो. गोव्यातली उष्णता तो फरक कधी कधी खाऊन टाकते. चारही चाकांत सारखीच कमी असेल तर निवांत मासे खा. एकाच चाकात असेल तर पंक्चर शोधा.

प्रश्न : चेन्नईच्या ट्रॅकवर जाणार आहे. मित्र म्हणतो थंड २६ ने सुरुवात कर. (ताराबाई पार्क)

मित्राची गाडी वेगळी, टायर वेगळा. ट्रॅकवर गरम टायरचा आकडा महत्त्वाचा असतो हे खरं. म्हणून थोडी कमी भरून निघतात आणि दोन-चार फेऱ्यांनी मोजतात. पण किती कमी, हे टायर कंपनीच्या माणसाला किंवा तिथल्या प्रशिक्षकाला विचारा. आणि परतीच्या रस्त्यावर येण्याआधी, टायर थंड झाल्यावर, स्टिकरचा आकडा पुन्हा भरा. ट्रॅकची हवा घेऊन हायवेला लागणारे महाभाग मी पाहिलेत.

प्रश्न : गाडी बंगल्यात झाकून असते. सात वर्षांत चार हजार किलोमीटर. टायर नवेकोरे दिसतात. हवा जास्त ठेवावी का? (नागाळा पार्क)

हवेचा प्रश्न नंतर. टायरच्या बाजूला ‘DOT’ (डॉट) या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे बघा. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. रबर उभ्यानंही म्हातारं होतं. अभिनेता पॉल वॉकर २०१३ मध्ये ज्या पोर्शे कॅरेरा जीटीत गेला, तिचे टायर नऊ वर्षांचे होते. अपघाताचं कारण ताशी १३० ते १५० चा वेग, पण तपासात टायरच्या वयाचीही नोंद झाली. पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणत्या माणसाकडून तपासून घ्यायचे, दहानंतर कसेही दिसोत, काढायचे. तुमचे आधी दाखवून घ्या, मगच हायवेवर काढा. उभ्या गाडीत हवाही कमी होत राहते, तेव्हा महिन्यातून एकदा गेज लावा.

प्रश्न : ऊसाच्या ट्रॉलीला बगल देताना खड्ड्यात गेलो. टायरच्या बाजूला लिंबाएवढा फुगा आलाय. हवा कमी करून उद्या पुण्याला जाऊन येऊ का? (शिरोली)

नाही. आतले धागे तुटलेत, त्याला दुरुस्ती नसते. गाडीबरोबर आलेला पंक्चर बुजवायच्या फेसाचा डबाही इथं उपयोगाचा नाही. स्टेपनी असेल तर लावून हळू दुकानापर्यंत, नसेल तर टोइंगवर. टायर बदलताना रिम वाकली नाही ना, हेही बघून घ्या.