वाचकांचे प्रश्न : शेवग्याचे मूळ आणि माडीचे व्हिनेगर

प्रश्न : पाऊस सुरू झाला की आमच्या घरात सर्दी-खोकला एकाकडून दुसऱ्याकडे फिरत राहतो. भाचीच्या सांगण्यावरून आले, लसूण, कांदा, ओली हळद, मिरी आणि हॉर्सरॅडिश (मोहरीसारखे झणझणीत परदेशी मूळ) सफरचंदाच्या व्हिनेगरमध्ये मुरवून, गाळून, मध घालून प्रतिकारशक्तीसाठी ठेवावे म्हणते. हॉर्सरॅडिश इथे मिळत नाही. त्याऐवजी परसातल्या शेवग्याचे मूळ आणि सफरचंदाच्या व्हिनेगरऐवजी घरी केलेले माडीचे (माडाच्या आंबवलेल्या रसाचे) व्हिनेगर चालेल का?
– एक वाचिका, वेंगुर्ले

उत्तर : शेवग्याचे मूळ कृपया घालू नका. इंग्रजी अमदानीत ते हॉर्सरॅडिशऐवजी किसून खाल्ले जाई, म्हणून हा सल्ला अजून ऐकू येतो. पण त्या मुळाच्या सालीत विषारी अल्कलॉइडे असतात आणि गर्भवतींना त्यापासून विशेष धोका संभवतो. शेवग्याच्या शेंगा, पाला आणि फुले खुशाल खावीत. नाकात जाणारा झणका हवा असेल तर चमचाभर मोहरी ठेचून किंवा पांढरा मुळा किसून घालावा, कारण ही दोन्ही हॉर्सरॅडिशच्याच कुळातली आहेत.

माडीच्या व्हिनेगरची अडचण वेगळी आहे. माडीतील साखरेचे आधी मद्यार्क आणि मग हवेतील ऑक्सिजनच्या साहाय्याने ॲसिटिक आम्ल होते, परंतु ते किती टक्के झाले हे जिभेला कळत नाही. आले-लसणाबरोबर मातीतले बॉट्युलिझमचे (जीवघेण्या अन्नविषबाधेचे) जंतू बरणीत येऊ शकतात, सामू (pH, आम्लता जितकी जास्त तितका हा आकडा कमी) ४.६ च्या खाली असेल तरच त्यांची वाढ होत नाही. म्हणून मुरवण्यासाठी ५ टक्के आम्लता छापलेले, सिंथेटिक नसलेले विकतचे व्हिनेगर घ्यावे आणि त्यात पाणी मुळीच मिसळू नये. घरचे व्हिनेगर रस्सा शिजवताना वापरावे. तिथे ते खरोखर छान लागते.

पावसाळी हवेत बरणी पूर्ण कोरडी करणे हेच मोठे काम असते. जिन्नस व्हिनेगरखाली बुडालेले असावेत, झाकण धातूचे नसावे, आणि तीन-चार आठवड्यांनी गाळून, मध घालून बाटली फ्रीजमध्ये ठेवावी. जेवताना पेलाभर पाण्यात एक-दोन चहाचे चमचे पुरेत. नुसते घेतल्यास दातांचे एनॅमल झिजते व घसा भाजतो. प्यायल्यावर चूळ भरावी, लगेच दात घासू नयेत. आम्लपित्त किंवा अल्सर असेल, तसेच इन्सुलिन वा लघवी वाढवणारी औषधे चालू असतील, तर आधी डॉक्टरांना विचारावे. मधामुळे एक वर्षाखालील बाळाला थेंबही देऊ नये. यामुळे सर्दी टळते असे मात्र सिद्ध झालेले नाही. भूक लावणारे आंबट-तिखट पेय म्हणून ते जरूर घ्यावे, लशीला किंवा औषधाला पर्याय म्हणून नव्हे.

प्रश्न : अशाच बरणीतली लसूण हिरवट-निळी पडली आहे आणि वर पांढुरका पापुद्रा आला आहे. सगळे टाकून द्यावे का?
– एक वाचक, गुहागर

उत्तर : लसणीचा रंग तिच्यातील गंधकयुक्त घटकांवर आम्लाची क्रिया झाल्याने बदलतो, त्यात अपाय नाही. पापुद्रा जेलीसारखा गुळगुळीत असेल तर तो व्हिनेगर करणाऱ्या जीवाणूंचा असतो, तो काढून टाकला की झाले. तो केसाळ, हिरवा वा काळा असेल तर मात्र ती बुरशी होय, आणि मग वरवरचा थर काढून न भागता सगळी बरणी ओतून द्यावी लागेल.