वाचकांचे प्रश्न : साचा नकाशाबरहुकूम, तरी भाग लांब

प्रश्न : बेळगावच्या उद्यमबागेत आमची लहानशी टूलरूम असून बिडाच्या ओतकामाचे पॅटर्न आणि अ‍ॅल्युमिनियमच्या डाय हे आमचे नेहमीचे काम. अलीकडे एका गिऱ्हाइकाने विमानाच्या चाचणी-भागासाठी पोलादी साचा मागितला. कार्बन धाग्यांचा पीक प्लास्टिकमधला पत्रा तापवून, 200 अंश सेल्सिअसच्या साच्यात दाबून एल आकाराची पट्टी काढायची होती. साचा सीएमएमवर (अचूक मापे घेणाऱ्या यंत्रावर) तपासून दिला, तरीही दाबून उठवलेल्या दोन खाचांमधले 600 मि.मी. अंतर सुमारे 1 मि.मी. जास्त भरते आणि 90 अंशांचा कोन साडेअठ्ठ्याऐंशीवर मिटतो. आमचे काय चुकले?
– एक वाचक, उद्यमबाग

उत्तर : आपला साचा नकाशाबरहुकूम आहे, आणि नेमकी तीच अडचण आहे. बिडाचा पॅटर्न करताना आपण मीटरमागे सुमारे 10 मि.मी. वाढवून धरता, कारण ओतीव थंड होताना आकसते. इथे मात्र हिशेब उलटा मांडावा लागतो. पोलाद दर अंशामागे दशलक्षात सुमारे 12 भाग वाढते, म्हणजे 20 अंशांवर मोजलेला 600 मि.मी. साचा 200 अंशांवर जवळपास 1.3 मि.मी. लांबतो. पीक (शेतातले नव्हे, हे प्लास्टिक 343 अंशांना वितळते) त्या लांबलेल्या साच्यातच गोठते आणि मग पट्टी थंड होताना जेमतेम 0.3 मि.मी. आकसते, कारण कार्बनचे धागे लांबीच्या दिशेने जवळजवळ आकसतच नाहीत आणि प्लास्टिकलाही आकसू देत नाहीत. उरलेला 1 मि.मी. तो हाच, तेव्हा थंड साच्यात हे अंतर 599च्या आसपास हवे.

कोनाचे कारणही धाग्यांतच आहे. जाडीच्या दिशेने धागे नसल्यामुळे तिथे प्लास्टिक मोकळेपणी आकसते, आणि वळणावर जाडी कमी झाली पण लांबी तेवढीच राहिली की कोन आत मिटतो. पत्र्याच्या कामात वाकवलेला कोन उघडतो, त्या सवयीने साचा आवळून कापाल तर दोष दुप्पट होईल. पंच आणि डाय दोन्ही साडेएक्याण्णव अंशांना कापावेत. मात्र पत्र्यातल्या धाग्यांच्या थरांची मांडणी बदलली की हा आकडाही बदलतो, म्हणून कोपऱ्याचा भाग सुटा इन्सर्ट, म्हणजे बदलता येणारा तुकडा, ठेवणे शहाणपणाचे.

आपण विचारलेले नाही, पण एक बाजू आडवी आणि दुसरी उभी ठेवली असेल, तर उभ्या बाजूला प्रेसचा दाब नीट पोचत नाही आणि आत पोकळ्या राहतात. एल साच्यात तिरका, दोन्ही बाजू सारख्या कलत्या राहतील असा बसवावा. हे बदलायला नवा साचाच लागेल, पण तो खर्च टाळू नये.

कोणी महागडे इन्व्हार (तापल्यावर फारच कमी वाढणारा लोखंड-निकेलचा मिश्रधातू) सुचवले, तर या कामासाठी त्याची गरज नाही. ज्या पद्धतीत अख्खा साचाच 380 अंशांपर्यंत तापवतात तिथे त्याचा विचार होतो, आणि तिथेही 200 अंशांपुढे त्याचे कमी प्रसरणाचे वैशिष्ट्य ओसरू लागते.

दुरुस्तीपूर्वी साच्याच्या मध्यावर आणि चारही कडांना थर्मोकपल लावून तापमान पाहावे. कडा 30 अंशांनी थंड निघाल्या, तर वरचा हिशेब त्या तापमानाने पुन्हा करावा लागेल आणि 599 हा आकडाही बदलेल.