पाणी फेकू नका, क्लोरीन टिकवा

प्रश्न : खंडवा रोडवरच्या आमच्या फार्महाउसमध्ये ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि सरासरी दीड मीटर खोल पूल आहे. पाणी बोअरिंगचं. उन्हाळाभर तरंगत्या डब्यात क्लोरीनच्या गोळ्या ठेवल्या, पाणी छान होतं. आषाढातल्या जोराच्या पावसात वीज गेली, पंप दोन दिवस बंद राहिला आणि पाणी हिरवं, गढूळ झालं. ब्लीचिंग पावडर टाकली, कुणी सांगितलं म्हणून मोरचूदही टाकलं. आता दुसरी पायरीसुद्धा दिसत नाही. पूलवाला म्हणतो, सगळं पाणी काढून घासून घेऊ. राखीला मुली आणि नातवंडं येणार आहेत. काय करू?
— एक वाचक भगिनी, इंदूर

उत्तर : ताई, उपाय नंतर, आधी एक विनंती. खोल टोकाच्या तळाची जाळी काठावरून स्पष्ट दिसेपर्यंत नातवंडांना पाण्यात उतरू देऊ नका. अशा पाण्यात बुडालेलं मूल वरून दिसत नाही. शिवाय केरळात २०२४ आणि २०२५ मध्ये मेंदूज्वराचे जे रुग्ण आढळले, त्यांना कारणीभूत असणाऱ्या अमीबाची एक जात क्लोरीन नसलेल्या कोमट, गोड्या पाण्यात वाढते आणि नाकावाटे शिरते. आजार दुर्मीळ आहे, पण झाला तर बहुधा जीव घेतो.

आता पूलवाल्याचं. ऐन पावसाळ्यात पूल रिकामा करू देऊ नका. आपली माळव्याची काळी माती पाणी पिऊन फुगते. पूल भरलेला असताना आतलं पाणी भिंतींना टेकू देत असतं. तो रिकामा झाला की बाहेरून माती दाबते, खालून भूजल उचलतं आणि भिंतींना भेगा जातात. आणि अठ्ठेचाळीस हजार लिटर पाणी ओतून द्यायचं, तेही ज्या गावात उन्हाळ्यात बोअरिंग आटतात तिथे, हे मला पटत नाही.

पाणी बिघडलं ते एका पावसानं नाही. तुमच्या त्या गोळ्या बहुधा टीसीसीए, म्हणजे सायनुरिक आम्लाला जोडलेल्या क्लोरीनच्या असणार, डब्यावर वाचून बघा. या गोळीतून १० पीपीएम (लिटरला १० मिलिग्रॅम) क्लोरीन मिळालं की मागे जवळपास ६ पीपीएम सायनुरिक आम्ल उरतं. ते थोडं असलेलं चांगलंच, कारण ते क्लोरीनला उन्हापासून वाचवतं. ३० ते ५० पीपीएम पुरे. पण ते उडून जात नाही, साठत राहतं. गोळ्यांवर तीन-चार महिने काढले की शंभरच्या पुढे जातं आणि मग क्लोरीन त्यात अडकून पडतं. पाणी तपासायच्या किटमध्ये २ पीपीएम दिसतं, पण शेवाळाला ते पुरे पडत नाही. सायनुरिकच्या साधारण साडेसात टक्के तरी मोकळं (घाणीशी संयोग न पावलेलं) क्लोरीन लागतं. पावसानं आजूबाजूची माती आणि शेतातलं खत आणलं, पंप थांबला, आणि शेवाळ वाढलं.

म्हणून आधी सायनुरिक मोजून घ्या. ८०च्या वर निघालं, तर फक्त एक तृतीयांश पाणी काढून तेवढं नवं भरा. सायनुरिकही तेवढंच कमी होईल. पुन्हा मोजा आणि गरज असेल तर काही दिवसांनी परत तसंच करा. मोकळं क्लोरीन वेगळं दाखवणारं डीपीडी किट घ्या. पिवळा रंग देणारं स्वस्त किट सगळं क्लोरीन एकत्र दाखवतं, त्यावरून निर्णय घेता येत नाही.

मग पीएच ७.२ ते ७.४ वर आणा. बोअरिंगचं जड पाणी आणि ब्लीचिंग पावडरमधला चुना, दोन्ही तो चढवतात. तो उतरवायला अॅसिड बादलीभर पाण्यात सोडायचं, अॅसिडवर पाणी कधीच ओतायचं नाही. पंप चालू ठेवून ते पूलमध्ये घाला आणि क्लोरीनला हात लावायच्या आधी काही तास जाऊ द्या. ही दोन एकत्र आली की विषारी वायू सुटतो. तसंच टीसीसीएच्या डब्यात किंवा मापात ब्लीचिंग पावडर कधीही जाऊ देऊ नका, भडका उडतो. हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा, माळीबाबांनाही.

भिंती, पायऱ्या, शिडीची मागची बाजू ब्रशनं घासा. सूर्य मावळल्यावर द्रव हायपोक्लोराइट (द्रव क्लोरीन) घाला. १० टक्क्यांचं असेल तर तुमच्या पूलमध्ये ५ लिटरनं सुमारे १० पीपीएम चढतं. सायनुरिक ४०-५० असेल तर १६ ते २० पीपीएम हवं, म्हणजे ८ ते १० लिटर. कॅन ताजा घ्या, उन्हात पडलेल्याचा जोर ओसरलेला असतो. सकाळ-संध्याकाळ मोजायचं आणि कमी पडलं की भरायचं. रात्रभरात क्लोरीन १ पीपीएमपेक्षा कमी उतरलं की शेवाळ मेलं असं समजा. लोक बहुतेक याच्या आधीच थांबतात, आणि आठवड्यात पाणी पुन्हा हिरवं होतं.

हिरवा रंग जाऊन पाणी दुधाळ होईल. घाबरू नका, ते मेलेलं शेवाळ आहे. आता काम फिल्टरचं. रात्रंदिवस चालवा, दाबाचा काटा स्वच्छ वेळेपेक्षा ८-१० पीएसआय वर गेला की बॅकवॉश करा, म्हणजे पाणी उलटं सोडून वाळू धुवा. तुरटी हवीच असेल तर शेवटी, पंप बंद ठेवून. रात्रभरात गाळ खाली बसतो, तो सक्शननं थेट बाहेर काढा. फिल्टरमधून नेलात तर वाळू चिकट होऊन बसेल.

मोरचूद पुन्हा नको. त्यातलं तांबं पाण्यातच राहतं, प्लास्टरवर डाग पडतात, पांढऱ्या केसांवर हिरवट झाक येते. पाणी नितळ झालं पण हिरवंच राहिलं, तर हे तांबं किंवा बोअरिंगचं लोह असेल. पांढऱ्या बादलीत नुसतं बोअरिंगचं पाणी घेऊन थोडं क्लोरीन टाका. तांबूस झालं तर लोह आहे.

जाळी दिसली, क्लोरीन ५ च्या खाली उतरलं, पीएच ७.२ ते ७.८ मध्ये आला, की मुलांना खुशाल पोहू द्या. त्यानंतर रोज द्रव क्लोरीनच वापरा. गोळ्या फक्त चार दिवस गावाला जाताना.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या पूलला क्लोरीनचा फार वास येतो, मुलाचे डोळे लाल होतात. क्लोरीन कमी करायला सांगू का?
— एक वाचक, इंदूर

उत्तर : नको. तो वास घाम-लघवीशी संयोग पावलेल्या, वापरून झालेल्या क्लोरीनचा आहे, आणि डोळे झोंबतात तेही त्यानंच. मोकळं क्लोरीन बहुधा कमीच पडत असेल. व्यवस्थापकांकडे रोजच्या नोंदी मागा. एकूण आणि मोकळ्या क्लोरीनमध्ये अर्ध्या पीपीएमपेक्षा जास्त फरक दिसला, तर पूल एक रात्र बंद ठेवून क्लोरीनचा मोठा डोस द्यायला सांगा, आणि पोहण्याआधी सगळ्यांनी साबणानं आंघोळ करायचा नियम लावून घ्या.