चित्रं चालत नाहीत, मग कला कुठून आली?

प्रश्न : पुण्यात कॅम्पातलं लाल देऊळ, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ (सिनेगॉग), बाहेरून बघून आलो. नातू म्हणतो ज्यू लोकांत मूर्ती-चित्रं चालत नाहीत. मग सेसिल रॉथ नावाच्या माणसाने ज्यू कलेचा इतिहास लिहिला तो कसला? हा रॉथ कोण? – एक आजोबा, नाना पेठ

उत्तर : आजोबा, नातू अर्धा बरोबर. ज्यूंच्या धर्मग्रंथात देवाने दिलेल्या दहा आज्ञा आहेत, त्यातली दुसरी सांगते, कोरीव मूर्ती करू नको, तिच्या पाया पडू नको. त्यावरून ‘ज्यूंना कलाच नाही’ असं चांगले विद्वानसुद्धा बिनधास्त ठोकून द्यायचे. मग १९३२ मध्ये सीरियात दुरा-युरोपोसला तिसऱ्या शतकातलं सिनेगॉग उघडं पडलं, भिंती चित्रांनी गच्च, धर्मग्रंथातले मोशे काय एस्तेर काय, आणि तेही थेट प्रार्थनेच्या जागी! म्हणजे भांडण पूजेशी होतं, रंगांशी नाही.

रॉथ लंडनचा, जन्म १८९९. डॉक्टरेट केली इटलीतल्या फ्लॉरेन्सच्या शेवटच्या प्रजासत्ताकावर, मग ज्यू इतिहासाकडे वळला आणि १९३९ ते १९६४ ऑक्सफर्डला तोच विषय शिकवला. जमवाजमवीचा भारी नाद, त्याची हस्तलिखितं आता लीड्स विद्यापीठात आणि सणावाराच्या वस्तू टोरांटोत. ज्यू कलेवरचा त्याने संपादित केलेला जाडजूड ग्रंथ इंग्रजीत १९६१ ला आला. 

आपल्यासाठी गंमत म्हणजे १९४१ मध्ये त्याने ससून या ज्यू व्यापारी घराण्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. लाल देऊळ बांधणारे डेव्हिड ससून त्याच घराण्यातले, त्यांची समाधीपण तिथेच आवारात आहे.

आणि नातवाला हे नक्की सांगा. वल्हांडण या ज्यूंच्या सणाच्या रात्री घरात वाचतात त्या पोथीला हग्गादा म्हणतात, बोस्नियातल्या सारायेवोची चौदाव्या शतकातली सचित्र हग्गादा जगप्रसिद्ध, तिच्या १९६३ च्या प्रतिकृतीला प्रस्तावना रॉथचीच. पण १८७४ साली आपल्या पुण्यातपण एक हग्गादा छापली गेली, बेने इस्रायलींसाठी, म्हणजे आपल्याकडच्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंसाठी, हिब्रूसोबत मराठी, आणि तिच्यातल्या चित्रात सणाच्या बेखमीर (न आंबवलेल्या) भाकऱ्या करणाऱ्या बायका चक्क साडीत आहेत!

देऊळ आतून बघायचं असेल तर आधी परवानगी काढा आणि ओळखपत्र न्या, पहारा कडक असतो. शनिवारी नका जाऊ, त्यांचा शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा पवित्र दिवस.