फुटलेले स्पेक्स वाचायचे कसे?

एखाद्या ताकदवान डेस्कटॉपचे स्पेक्स, म्हणजे आतल्या भागांचे तपशील, बाजारात येण्याआधीच फुटले, की आमच्याकडे प्रश्नांचा ओघ सुरू होतो. या वेळी त्यातलेच पाच प्रश्न घेतले आहेत.

प्रश्न : आमच्या ग्रुपवर येऊ घातलेल्या एका डेस्कटॉपचा तक्ता फिरतोय. प्रोसेसर ६ गिगाहर्ट्झच्या वर, रॅम २५६ जीबीपर्यंत, ग्राफिक्स कार्ड ६०० वॉटचं. मी व्हिडिओ एडिटिंग आणि थ्रीडी रेंडरिंग करतो. याच महिन्यात मशीन असेंबल करून घेणार होतो. थांबू का? (सांगली)

तक्ता फुटतो तेव्हा आकडे बाहेर येतात, त्यामागच्या अटी मात्र आतच राहतात. तुमच्या तक्त्यातल्या तिन्ही आकड्यांना अटी आहेत.

आधी गिगाहर्ट्झ. आज बाजारात असलेला इंटेलचा कोअर आय९ १४९००के घ्या. त्याच्या खोक्यावरही ६ गिगाहर्ट्झच आहेत. पण तो वेग आठ मोठ्या कोअरपैकी (कोअर म्हणजे चिपमधला स्वतंत्रपणे काम करणारा भाग) एक-दोनच कोअर गाठतात, तेही चिपचं तापमान ७० अंशांच्या खाली असताना. रेंडरिंगमध्ये सगळे कोअर तासन् तास राबतात. तिथे वेग ठरतो तो वीज किती मिळते आणि कूलर किती उष्णता बाहेर काढतो यावर. या चिपची पायाभूत वीज १२५ वॉट आणि कमाल टर्बोची (वाढवलेल्या वेगाची) २५३ वॉट. छोटा एअर कूलर लावला तर ती १०० अंशांना टेकते आणि स्वतःचा वेग स्वतःच कमी करते. म्हणून तुमच्या कामाचा आकडा वेगळाच आहे : सगळे कोअर पूर्ण भारावर अर्धा तास चालल्यानंतर टिकणारा वेग. तो फुटलेल्या तक्त्यात नसतो. मशीन बाजारात आल्यावर कोणीतरी नीट चाचणी घेतली की मगच कळतो.

रॅमच्या बाबतीत सर्वांत जास्त फसगत होते. घरगुती डेस्कटॉपच्या बोर्डावर चार स्लॉट असले तरी मेमरीचे चॅनल, म्हणजे प्रोसेसरपर्यंतच्या वाटा, दोनच. रायझन ९ ९९५०एक्स या प्रोसेसरला एएमडी दोन स्टिकवर डीडीआर५ रॅमची ५६०० गती देते, आणि चार स्टिक लावल्या की अधिकृत गती ३६००वर येते. २५६ जीबी म्हणजे ६४च्या चार स्टिक, म्हणजे क्षमता वाढली आणि गती घसरली. तुमच्या कामाला ४८च्या दोन किंवा ६४च्या दोन स्टिक घ्या. प्रोसेसरपासून मोजत दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसवा. पहिल्यांदा सुरू केल्यावर बोर्ड रॅमचं ट्रेनिंग करतो (ती कोणत्या जुळणीवर नीट चालते ते तपासतो), तेव्हा कित्येक मिनिटं पडदा काळा राहू शकतो. मशीन मेलं असं समजून अनेक जण याच वेळी वीज काढतात आणि सगळं पहिल्यापासून सुरू होतं. धीर धरा. रॅम जास्त वेगाने चालवणारं एक्सपो किंवा एक्सएमपी प्रोफाइल पहिल्या यशस्वी बूटनंतरच चालू करा.

ग्राफिक्स कार्डाच्या ओळीत वॉटच्या आधी व्हीरॅम, म्हणजे कार्डाची स्वतःची मेमरी, बघा. तुमचा सीन व्हीरॅममध्ये मावला नाही, तर रेंडर एक तर थांबतो किंवा सिस्टिमच्या रॅमवर जाऊन रखडतो. तक्ता खरा आहे का हे तपासायला इथे साधा हिशेब चालतो. बसची (मेमरीकडे जाणाऱ्या वाटेची) रुंदी गुणिले मेमरीचा वेग, भागिले आठ, म्हणजे बँडविड्थ, दर सेकंदाला ये-जा करणारा डेटा. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ५०९० कार्डाची बस ५१२ बिटची आणि मेमरी २८ गिगाबिटची. ५१२ × २८ ÷ ८ = १७९२ जीबी प्रतिसेकंद. आरटीएक्स ४०९०चे ३८४ आणि २१, उत्तर १००८. फुटलेल्या तक्त्यातले हे तीन आकडे एकमेकांशी जुळत नसतील, तर तक्ता कोणीतरी घरी बसून बनवलेला आहे.

आता थांबायचं का? कंपनीने स्वतः तारीख जाहीर केली असेल आणि ती काही आठवड्यांवर असेल, तर थांबा. फक्त तक्ता फिरत असेल आणि हातात काम असेल, तर घेऊन टाका. नवं कार्ड आलं तरी सुरुवातीला माल कमी असतो आणि भाव चढे असतात, तोवर तुमचे प्रोजेक्ट खोळंबतील.

प्रश्न : फुटलेली माहिती तंतोतंत खरी निघाल्याचं एखादं उदाहरण आहे का? (कोल्हापूर)

आहे, आणि ते अजूनही अभ्यासण्यासारखं आहे. जून २००३ मध्ये, २३ तारखेच्या ॲपलच्या डेव्हलपर परिषदेच्या काही दिवस आधी, ॲपलच्याच ऑनलाइन दुकानात न आलेल्या पॉवर मॅक जी५ची यादी थोड्या वेळासाठी झळकली. १.६, १.८ किंवा दुहेरी २ गिगाहर्ट्झचे पॉवरपीसी जी५ प्रोसेसर, १ गिगाहर्ट्झपर्यंत प्रोसेसर बस (प्रोसेसर आणि बाकीच्या भागांमधली वाट), ८ जीबीपर्यंत डीडीआर मेमरी, सीरियल एटीए डिस्क, एजीपी ८एक्स प्रो, पीसीआय किंवा पीसीआय-एक्सचे तीन स्लॉट, तीन यूएसबी २.०, एक फायरवायर ८००, दोन फायरवायर ४००. तेव्हाचा सर्वांत वरचा जी४ होता १.४२ गिगाहर्ट्झचा आणि त्याची बस १६७ मेगाहर्ट्झची. १६७वरून एकदम १०००वर उडी, म्हणून यादीवर शंका घेणं रास्तच होतं. २३ जूनला स्टीव्ह जॉब्स यांनी मशीन दाखवलं आणि यादी बरोबर निघाली.

आता तीच यादी मॉडेलनिहाय बघा. बस प्रोसेसरच्या निम्म्या वेगाने चालायची. म्हणजे १ गिगाहर्ट्झ फक्त दुहेरी २च्या मॉडेलला, सर्वांत स्वस्त १.६ला ८०० मेगाहर्ट्झ. मेमरीचे आठ स्लॉट आणि ८ जीबी वरच्या दोन मॉडेलना. १.६मध्ये चार स्लॉट, कमाल ४ जीबी, आणि मेमरीही एक पायरी मंद. जास्त वेगाचं पीसीआय-एक्स वरच्या दोघांत, खालच्यात साधं पीसीआय. यादीत एकही आकडा खोटा नव्हता, तरी ती वाचून १,९९९ डॉलरचं मॉडेल घेणाऱ्याला त्यातले निम्मे आकडे मिळणार नव्हते.

यादीत नव्हतं तेही महत्त्वाचं. त्या भल्यामोठ्या ॲल्युमिनियमच्या कॅबिनेटमध्ये नऊ पंखे आणि हवेचे चार वेगळे कप्पे होते. हवेला एवढी जागा दिल्यावर डिस्कसाठी दोनच जागा उरल्या. आधीच्या जी४मध्ये चार होत्या. व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्यांना ही उणीव बसच्या वेगापेक्षा जास्त जाणवली, कारण त्यांचं काम चालायचंच मुळी अनेक डिस्कांवर. दुसरी उणीव ईसीसी, म्हणजे आपली चूक ओळखून दुरुस्त करणाऱ्या, मेमरीची. व्हर्जिनिया टेक विद्यापीठाने असे ११०० दुहेरी जी५ जोडून महासंगणक उभा केला. १०.२८ टेराफ्लॉप्स (सेकंदाला दहा लाख कोटींहून जास्त गणना), आणि सर्वांत वेगवान महासंगणकांच्या नोव्हेंबर २००३च्या टॉप ५०० यादीत थेट तिसरा क्रमांक. पण ही सोय नसेल, तर लांबलचक गणनेच्या उत्तरावर विसंबता येत नाही. पुढे त्यांनी ती सगळी मशीन काढून ईसीसी असलेले ॲपलचेच एक्ससर्व्ह जी५ सर्व्हर बसवले.

त्याच मंचावरून जॉब्स यांनी बारा महिन्यांत ३ गिगाहर्ट्झचं आश्वासन दिलं होतं. जून २००४ मध्ये आले ते २.५, तेही द्रवाने थंड करावे लागणारे, आणि जून २००५ मध्ये ॲपलने इंटेलकडे जात असल्याचं जाहीर केलं. चुकून झळकलेली यादी खरी ठरली आणि मंचावरून दिलेला शब्द पाळला गेला नाही. माहिती कुठून आली याइतकंच ती तयार झालेल्या मालाची आहे की पुढच्या बेताची, हेही बघायला हवं.

प्रश्न : ही माहिती मुळात फुटते कुठून? कशावर विश्वास ठेवायचा? (नागपूर)

सर्वांत भरवशाचा असतो तो कामासाठी नाइलाजाने उघड करावा लागलेला कागद किंवा कोड. नवा प्रोसेसर लिनक्सवर चालायला हवा, म्हणून कंपनीचेच अभियंते काही महिने आधी कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) पॅच, म्हणजे कोडमधली भर, पाठवतात आणि त्यात चिपचा ओळख-क्रमांक दिसतो. मालाच्या ने-आणीच्या नोंदी हा दुसरा स्रोत, आणि त्याचा आपल्याशी थेट संबंध आहे. बंगळुरू आणि हैदराबादला चिप कंपन्यांच्या प्रयोगशाळा आहेत. तिथे येणाऱ्या चाचणीच्या बोर्डांची नोंद कस्टम्समध्ये होते. झौबा नावाच्या भारतीय संकेतस्थळावरच्या आयात-नोंदी वाचून जगभरचे हौशी लोक कित्येक वर्षं न आलेल्या ग्राफिक्स कार्डांचा माग काढत होते. फक्त अशा नोंदीतली किंमत दुकानातली किंमत समजू नका. ती कस्टम्सपुरती दाखवलेली असते.

बेंचमार्कचे, म्हणजे वेगाच्या चाचण्यांचे, आकडे याखालोखाल. गीकबेंच या चाचणीचा निकाल दिसला तर आधी आवृत्ती बघा. पाचचे आणि सहाचे गुण एकमेकांशी ताडून पाहता येत नाहीत. सहामधली मल्टिकोअर चाचणी सगळे कोअर मिळून एकच काम कसं करतात ते मोजते, त्यामुळे ३२ कोअरचा प्रोसेसर तिथे १६च्या दुप्पट दिसत नाही. त्यावरून चिप फसली असा निष्कर्ष काढू नका. शिवाय नमुन्याची चिप बऱ्याचदा कमी वेगावर चालवलेली असते.

वॉटचे आकडे शेवटपर्यंत हलतात. २०२२ मध्ये आरटीएक्स ४०९० ६०० वॉटचं असेल अशी जोरदार चर्चा होती, आलं ४५० वॉटचं.

प्रश्न : चंद्रपूरच्या उन्हाळ्यात असं मशीन घरात चालेल का? यूपीएस कोणता घ्यावा? (चंद्रपूर)

चालेल, पण खर्चाच्या अंदाजात वीज आणि एसी धरा. आरटीएक्स ५०९०चा आकडा ५७५ वॉट. प्रोसेसरचे २५०, बोर्ड, रॅम, डिस्क, पंखे मिळून १०० धरले, तर ९२५. एसएमपीएसची (मशीनला वीज पुरवणाऱ्या भागाची) कार्यक्षमता ९० टक्के असेल, तर भिंतीतून साधारण १,०३० वॉट ओढले जातील. २३० व्होल्टला हे झाले साडेचार अँपिअर. ६ अँपिअरचा सॉकेट हे सोसेल, पण त्याच एक्स्टेन्शन बोर्डवर मॉनिटर, प्रिंटर आणि टेबलफॅन लावला तर तार आणि पिना तापणार. १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट काढून घ्या आणि अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या.

यूपीएस घेताना व्हीए बघून फसू नका, वॉट विचारा. ११०० व्हीएचा घरगुती यूपीएस बहुधा ६६० वॉटच देतो. रेंडर चालू असताना वीज गेली, की तो ओव्हरलोडचा आवाज करून त्याच क्षणी बंद पडेल. तुम्हाला किमान दीड हजार वॉटचा, प्युअर साइन वेव्हचा हवा. एसएमपीएस एनव्हिडियाच्या शिफारशीप्रमाणे १००० वॉटचा.

मशीन जेवढी वीज खातं तेवढी उष्णता खोलीत सोडतं. एक टनाचा एसी साधारण साडेतीन किलोवॉट उष्णता बाहेर काढतो, म्हणजे पूर्ण भारावरचं मशीन त्यातला चौथ्या हिश्शाहून जास्त एकटंच खाईल. डेझर्ट कूलरचा झोत कॅबिनेटवर नको, दमट हवा आणि धूळ मिळून हीटसिंकवर थर चिकटतो. सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे कार्डाची पॉवर लिमिट ७५-८० टक्क्यांवर आणणं. वेग त्या प्रमाणात घटत नाही, आणि उष्णता साधारण ११५ ते १४५ वॉटने उतरते.

कार्डाची केबल नीट बसवा. ६०० वॉट १२ व्होल्टवर म्हणजे ५० अँपिअर, सहा पिनांत वाटले तर प्रत्येकी ८.३. त्या पिनांची क्षमता जेमतेम नऊ-साडेनऊ अँपिअर. प्लग अर्धवट राहिला किंवा तोंडाशीच केबल वाकवली, तर भार मोजक्या पिनांवर जातो आणि प्लॅस्टिक वितळतं. टक् आवाज येईपर्यंत दाबा, फट उरली नाही हे टॉर्च लावून बघा आणि पहिले तीन-चार सेंटिमीटर केबल सरळ ठेवा.

प्रश्न : नव्या मशीनच्या आशेने एक जण आपलं कोअर आय९ १३९००केचं मशीन स्वस्तात काढतोय. घ्यावं का? शिवाय दुकानदार म्हणतो, नव्या कार्डासाठी आत्ताच आगाऊ रक्कम द्या. (फोंडा)

जुनं मशीन तपासून घ्या. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीच्या ताकदवान डेस्कटॉप चिपमध्ये जास्त व्होल्टेजमुळे कायमची झीज होत असल्याचं उघड झालं. ऑगस्ट २०२४ पासून त्यावर मायक्रोकोडचे (चिपच्या आतल्या सूचनांचे) सुधार आले. बोर्डाच्या बायोसमध्ये ०एक्स१२बी किंवा त्यानंतरचा मायक्रोकोड आहे का ते बघा. पण झिजलेली चिप अपडेटने बरी होत नाही. म्हणून विक्रेत्यासमोर सेव्हन-झिप या फाइल आवळण्याच्या सॉफ्टवेअरचा बेंचमार्क अर्धा तास चालवा, एखादा मोठा गेम इन्स्टॉल करून बघा. फाइल उलगडताना चूक आली किंवा व्हीरॅम मोकळी असतानाही ती अपुरी असल्याचा संदेश आला, तर सोडून द्या. इंटेलने या चिपची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली आहे. खोक्यातल्या चिपचा सीरियल नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर तपासता येतो. खोक्याविना आलेली ट्रे चिप असेल तर दाद मशीन बनवणाऱ्याकडेच मागावी लागेल.

आगाऊ रक्कम देऊ नका. सप्टेंबर २०२२ मध्ये रीतसर जाहीर झालेलं १२ जीबीचं आरटीएक्स ४०८० एनव्हिडियाने महिनाभरात मागे घेतलं आणि तेच जानेवारीत ४०७० टीआय या नावाने आणलं. जाहीर झालेल्या मालाची ही गत, मग फुटलेल्या तक्त्यावर पैसे कशाला गुंतवायचे? माल दुकानात आल्यावर कोटेशन घ्या. त्यावर कार्डाचा पूर्ण मॉडेल नंबर, व्हीरॅम, जीएसटी धरून किंमत आणि वॉरंटी भारतातल्या वितरकाची आहे असं लिहून घ्या. बिलावर सीरियल नंबर चढवूनच पैसे द्या.