सैन्यदलात डॉक्टर व्हायचे आहे. दल कोणते निवडावे?

प्रश्न : मी मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आंतरवासिता करीत आहे. शॉर्ट सर्व्हिस कमिशन (ठरावीक वर्षांसाठीची अधिकारीपदाची नेमणूक) घेऊन सैन्यदलात डॉक्टर म्हणून जाण्याचा आणि पुढे मेडिसिनमध्ये एम.डी. करण्याचा विचार आहे. घरच्यांच्या मते नौदल बरे, कारण मुंबईत राहता येईल. भूदल, नौदल, हवाई दल यांपैकी कोणते निवडावे?
— एक वाचक, मिरज

उत्तर : आपल्याला वाटते तेवढी ही निवड अंतिम नसते. डॉक्टर कोणत्याही दलात असला तरी त्याचे कमिशन आर्मी मेडिकल कोअरमध्येच (भूदलाच्या वैद्यकीय शाखेतच) होते आणि तेथून त्याला नौदलात किंवा हवाई दलात पाठवले जाते. भूदलातील कॅप्टन, नौदलातील सर्जन लेफ्टनंट आणि हवाई दलातील फ्लाइट लेफ्टनंट हे हुद्दे समकक्ष आहेत. आपली पसंती विचारली जाते, पण नेमणूक गरजेनुसार होते. २०२४ मध्ये सशस्त्र दल वैद्यकीय सेवेच्या महासंचालक झालेल्या आरती सरीन यांनी तर तिन्ही दलांत सेवा केलेली आहे.

मुंबईचे कारण मात्र मनातून काढून टाकावे. कुलाब्याचे 'अश्विनी' रुग्णालय नौदलाचे असले, तरी नौदलाच्या डॉक्टरला विशाखापट्टणम, कोची, कारवार किंवा पोर्ट ब्लेअर (आताचे श्री विजयपुरम) येथेही जावे लागते, शिवाय जहाजावरची नेमणूक वेगळीच.

खरा फरक पडतो तो पहिल्या काही वर्षांत, आणि आपल्याला मेडिसिनची ओढ असल्यामुळे मी भूदलाला पहिली पसंती देण्यास सुचवेन. पलटणीचा वैद्यकीय अधिकारी सकाळी एम.आय. रूममध्ये (पलटणीच्या तपासणी कक्षात) रुग्ण तपासतो, पण त्याचबरोबर लंगरची (जवानांच्या स्वयंपाकघराची) स्वच्छता, पिण्याचे पाणी आणि जवानांची तंदुरुस्ती हेही त्याच्याच जबाबदारीत येते. लडाखसारख्या ठिकाणी उंचीची सवय होण्यासाठी पहिल्या टप्प्यात ६ दिवस आणि त्यावरच्या दोन टप्प्यांत प्रत्येकी ४ दिवस थांबावे लागते. ही शिस्त मोडून घाईने वर चढलेल्या जवानाला आधी नुसता कोरडा खोकला येतो, मग बसल्या जागी धाप लागते आणि फुप्फुसात पाणी भरू लागते. अशा वेळी हा आजार पहिल्या खोकल्यालाच ओळखून प्राणवायू लावणे व रुग्णाला खाली उतरवण्याचा निर्णय घेणे हे काम हाताशी एक्स-रे नसताना त्या तरुण डॉक्टरलाच करावे लागते. फिजिशियनची नजर याहून चांगली कोठे तयार होईल, असे मला वाटत नाही.

समुद्र आणि पाणबुडीचे वैद्यक आकर्षित करीत असेल तर नौदल, आणि वैमानिकाच्या शरीरावर उंचीचा व वेगाचा होणारा परिणाम अभ्यासायचा असेल तर हवाई दल निवडावे. बेंगळुरूची एरोस्पेस मेडिसिन संस्था त्यासाठीच आहे.

या सगळ्यापेक्षा कमिशनच्या प्रकाराचा विचार अधिक काळजीने करावा. शॉर्ट सर्व्हिस कमिशन सुरुवातीला ५ वर्षांचे असते आणि पुढे ९ वर्षांपर्यंत वाढवता येते, म्हणजे एकूण १४ वर्षे. एम.डी. सेवेत राहूनच करायची असेल, तर पुण्याच्या ए.एफ.एम.सी.सारख्या (सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालयासारख्या) संस्थांतील जागा तिन्ही दलांच्या अधिकाऱ्यांसाठी सामाईक असतात, त्यामुळे दल बदलल्याने संधी वाढत नाही. शिक्षणानंतर किती वर्षांचे बंधन पडते आणि कायमस्वरूपी कमिशनसाठी कधी अर्ज करता येतो, हे अर्ज भरण्यापूर्वी चालू वर्षाच्या अधिसूचनेतून स्वतः वाचावे, आणि शक्य असल्यास सेवेतील एखाद्या अधिकाऱ्याशी त्यावर बोलावे.