किंडर स्काउट: चढा ग्राइंड्सब्रुकने, उतरा जेकब्स लॅडरने

तुम्ही विचारलंय की मँचेस्टरहून, गाडी नसताना, एका दिवसात किंडर स्काउट या इंग्लंडमधल्या डोंगराच्या पठारावर गोल फिरून येता येईल का आणि भारतातून येणाऱ्या आई-बाबांना ते झेपेल का.

येतं. मँचेस्टरच्या पिकॅडिली स्टेशनहून पायथ्याचं एडेल गाव रेल्वेने पाऊण तासावर. जलद गाड्या तिथे थांबत नाहीत, तेवढं बघून बसा.

खरा प्रश्न दिशेचा आहे. बहुतेक जण पेनाइन वे या लांब पल्ल्याच्या पायवाटेच्या पाट्या बघून आधी जेकब्स लॅडर नावाची वाट चढतात आणि दमलेल्या गुडघ्यांनी ग्राइंड्सब्रुकची घळ उतरतात. हे साफ चूक आहे, बरोबरच्या मंडळींशी माझा हा जुनाच वाद आहे. घळीच्या वरच्या टप्प्यात ओढ्यातल्या धोंड्यांचा नुसता खच आहे. चढताना हात टेकता येतात, पुढचा दगड डोळ्यांसमोर असतो. उतरताना ओल्या दगडावर पाऊल नीट बसत नाही आणि घोटा मुरगळतो. जेकब्स लॅडरला दगडी फरसबंदी आहे, उतरायला तीच बरी.

शिवाय ग्राइंड्सब्रुकने वर येऊन पश्चिमेला वळलात की दरी कायम डाव्या हाताला राहते. क्राउडन टॉवर, वूल पॅक्स, पिम चेअर, नो स्टूल अशा खडकांजवळून जाणारी कड्याकडेची वाट. वूल पॅक्सच्या खडकांत पायवाटांना फाटे फुटतात, त्यात धुकं उतरलं तर काही सुधरत नाही. अशा वेळी दरी डावीकडे आहे ना, एवढंच तपासत चला.

पठाराच्या मधून शॉर्टकट मारू नका. पीटची काळी, भिजलेली माती पाण्याने कापून आत माणूस बुडेल एवढ्या घळ्या पडल्यात. एकीत उतरलं की आजूबाजूचं दिसेनासं होतं, ती वळेल तिकडे आपण वळतो आणि बाहेर येतो तेव्हा तोंड भलतीकडेच असतं. १९६५ साली पेनाइन वे सुरू झाली तेव्हा ती इथून मधूनच जायची, नंतर अधिकृत मार्ग जेकब्स लॅडरकडे नेला. १९३२ च्या एप्रिलमध्ये तरुण कामगार खाजगी जमिनीवरची प्रवेशबंदी मोडून या डोंगरावर चढले, पाच जण तुरुंगात गेले. तेव्हा आता कुठूनही चालायचा हक्क आहे, असं शॉर्टकटवाले ऐकवतात. हक्क आहेच, पण म्हणून चिखल कमी होत नाही.

अंतर तेरा-चौदा किलोमीटर, चढ चारशे मीटरच्या आसपास, वेळ पाच-सहा तास. किंडर डाउनफॉल हा धबधबा बघायचा तर आणखी दोन तास धरा. पश्चिमेचा वारा जोरात असला की त्याचं पाणी नाणेघाटासारखं उलटं वर उडतं. सुती जीन्स नको, भिजली की वाऱ्यात अंग गारठतं. डिसेंबरात चारला अंधारतं, टॉर्च हवाच.

आई-बाबांचं म्हणाल तर सिंहगड सहज चढत असतील तरच न्या. नाहीतर त्यांना खालूनच एडेल ते अपर बूथ या वाडीपर्यंत शेतांमधून फिरवून आणा, जाऊन-येऊन साधारण पाच किलोमीटर. वाटेतली फाटकं आठवणीने लावून घ्या, मेंढ्या मोकळ्या असतात.